रक्ताचा नमुना द्या, पण विचारून द्या

वर्षावासातला रविवार होता. विहारातले ग्रंथवाचन आटोपले, बाया चपला शोधत बाहेर पडल्या. एक जण मात्र दाराशीच थांबली. कडेवर चार वर्षांचा मुलगा. तो आधाराने उभा राहतो, हसतो, आईला ओळखतो. पण चालत नाही आणि अजून एक शब्दही बोलत नाही. ती आम्हाला म्हणाली, “सिस्टर, मोठ्या दवाखान्यात आम्हा तिघांचं रक्त घेतलं. माझं, ह्यांचं आन् बाळाचं. संशोधनाला पाहिजे म्हणाले. अंगठा घेतला, कागद काय दिला नाही. आता सासूबाई म्हणतात, तुझ्या रक्तात खोट हाय म्हणूनच मागितलं. ह्यांचं दुसरं लगीन करायचं चाललंय. खरंच माझी खोट हाय का वो?”

खोट कोणाची, हा तिचा प्रश्न होता. आमच्या मनात आणखी एक प्रश्न आला, जो तिला कोणी विचारूच दिला नव्हता: त्या रक्ताचे पुढे काय होणार?

इथे आम्हाला आमचीही चूक कबूल केली पाहिजे. नर्सिंगचा डिप्लोमा करून आम्ही वॉर्डात लागलो, तेव्हा अशा कितीतरी सह्या आम्हीच घेतल्या. सकाळची पाळी, हातात फाइलींचा गठ्ठा, दारात रांग. “मावशी, इथं सही करा, इथं अंगठा उठवा,” एवढेच बोलायचो. कागदात काय लिहिले आहे ते सांगायचे राहून जायचे. कधी कधी तर ते आम्हीही वाचलेले नसायचे. आज वस्तीत काम करताना त्याची लाज वाटते. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर हाच विषय घेतला आहे.

आधी साध्या तपासण्या

मूल उशिरा मान धरते, उशिरा बसते, चालत नाही, बोलत नाही, नजरेला नजर देत नाही, फिट येतात, शिकायला जड जाते. अशा मुलांच्या आजारांना डॉक्टर विकासातले विकार म्हणतात. बौद्धिक दिव्यांगत्व आणि स्वमग्नता, म्हणजे ज्याला आपण ऑटिझम म्हणून ऐकतो, हे त्यातच येतात.

या सगळ्यांचे कारण जनुकांतच असते असे नाही. बाळंतपणात बाळाला प्राणवायू कमी पडणे, जन्मानंतरची तीव्र कावीळ, मेंदूज्वर, दिवस भरण्याआधी जन्म, थायरॉइडची कमतरता, अशीही कारणे असतात. न बोलणाऱ्या मुलाला कधी कधी मुळात ऐकूच येत नसते. म्हणून कान, डोळे आणि थायरॉइड यांच्या तपासण्या आधी व्हायला हव्यात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते. अंगणवाडी ताईला किंवा आशाताईला सांगा; तिथून मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवता येते. या तपासण्यांत कारण सापडले नाही, किंवा मुलाची लक्षणे तसे सुचवत असतील, तर डॉक्टर जनुकीय तपासणीचा विचार करतात.

खोट कोणाची?

आपल्या शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत शरीर कसे घडवायचे याची लिखित माहिती असते. सुमारे ३०० कोटी अक्षरांचा तो मजकूर, आणि त्यात सुमारे २० हजार जनुके. प्रत्येक जनुकाची साधारणपणे एक प्रत आईकडून येते, एक बापाकडून.

आता शाळेचा दाखला डोळ्यांसमोर आणा. बापाच्या दाखल्यावर आडनाव बरोबर आहे, आजोबांच्याही बरोबर आहे. पण मुलाचा दाखला लिहिताना कारकुनाच्या हातून एक वेलांटी चुकली. पुढे जातपडताळणीला त्या एका वेलांटीपायी किती खेटे घालावे लागतात, हे आपल्या घराघरांत माहीत आहे. त्यात दोष बापाचा का? आईचा का? जनुकांचेही तसेच होते. प्रती तयार होताना एखादे अक्षर बदलते. तुमच्या-आमच्या प्रत्येकाच्या अंगात असे साठेक नवे बदल जन्मापासूनच असतात, जे आईतही नव्हते आणि बापातही नव्हते. बहुतेकांनी काही बिघडत नाही. एखादा मात्र मेंदूच्या वाढीला लागणाऱ्या जनुकात नेमक्या जागी पडतो आणि मुलाचा विकास अडतो.

दुसरा प्रकार वेगळा. आईकडे एका जनुकाची एक प्रत बिघडलेली, बापाकडेही त्याच जनुकाची एक बिघडलेली. दोघांचीही दुसरी प्रत चांगली असल्याने दोघे ठणठणीत. पण मुलाला दोघांच्याही बिघडलेल्या प्रती मिळाल्या तर आजार दिसतो. याची शक्यता दर गरोदरपणी चारात एक. एक मूल आजारी झाले म्हणजे पुढची तीन सुरक्षित, असा हिशेब चुकीचा आहे. दर वेळी चारही चिठ्ठ्या पुन्हा डब्यात पडतात. मामाच्या मुलीशी किंवा आत्याच्या मुलाशी लग्न झाले की दोघांकडे तीच बिघडलेली प्रत असण्याची शक्यता वाढते. आपल्या समाजातही अशी लग्ने होतात, तेव्हा हे घरात मोकळेपणाने बोलले पाहिजे.

काही आजार आईच्या बाजूने येतात, काही बापाच्या. पण आपल्या पोरात कोणते अक्षर उतरावे हे कोणी ठरवून देत नाही. बाईचे व्रत चुकले, ग्रहणात तिने विळी हातात घेतली, तिचे मागल्या जन्मीचे पाप, ही सगळी कारणे खोटी आहेत. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी गतजन्मीच्या कर्माचा सिद्धांत तपासताना, मूल आपल्या आईबापांकडून काय घेते हा विज्ञानाचा मुद्दाही समोर ठेवला आहे. विहारात तो ग्रंथ वाचायचा आणि घरी येऊन सुनेला पाप चिकटवायचे, हे बरे नाही.

तिघांचे रक्त कशासाठी?

मुलातला एखादा बदल नवा आहे की आईबापांकडून आला आहे, हे तिघांचा मजकूर शेजारी ठेवून वाचल्याशिवाय नीट कळत नाही. तिघांचे नमुने त्यासाठी. आईचे रक्त घेतले म्हणजे आई संशयित ठरली, असा त्याचा अर्थ नाही. बापाचेही तेवढ्याचसाठी घेतले जाते.

या पद्धतीने किती उत्तरे मिळतात, हे सांगायला ब्रिटन आणि आयर्लंडमधले एक मोठे काम उपयोगी आहे. तिथल्या सरकारी आरोग्य सेवेच्या २४ जनुकीय केंद्रांनी आणि केंब्रिजजवळच्या सँगर संस्थेने १३ हजारांहून अधिक कुटुंबांचे नमुने गोळा केले. ही मुले विकासात गंभीरपणे मागे होती आणि नेहमीच्या तपासण्यांत कारण सापडलेले नव्हते. ‘डिसायफरिंग डेव्हलपमेंटल डिसऑर्डर्स’ असे त्या अभ्यासाचे नाव. २०२३ साली त्यांनी सांगितले की सुमारे ४१ टक्के मुलांच्या आजाराचे जनुकीय कारण सापडले. ज्यांचे सापडले, त्यांच्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश मुलांत तो बदल नवा होता. आईकडून आलेला नव्हता आणि बापाकडूनही नव्हता. सासूबाईंना हा आकडा वाचून दाखवावा.

दुसरी बाजूही सांगायला हवी. शंभरातल्या ५९ कुटुंबांना त्या वेळी उत्तर मिळाले नाही. ज्यांना मिळाले, त्यांनाही बहुतेक वेळा औषध मिळाले नाही. आजाराला नाव मिळाले. त्या नावाने आईवरचा आळ जातो, पुढच्या बाळाला तोच आजार होण्याची शक्यता किती ते कळते, फिटचे किंवा हृदयाचे काही पुढे संभवते का यावर लक्ष ठेवता येते, आणि तशाच मुलांची इतर कुटुंबे भेटतात. थोड्या आजारांत आहार किंवा औषधही बदलता येते.

कधी उत्तर फार उशिरा येते. २०२४ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी आरएनयू४-२ नावाच्या एका लहानशा जनुकात बदल शोधला. आधीपासून जपून ठेवलेली माहिती पुन्हा तपासताना तो हाती लागला, आणि वर्षानुवर्षे उत्तराविना राहिलेल्या अनेक मुलांच्या आजाराचे कारण कळले. म्हणून नमुना दिल्यावर मोबाइल नंबर बदलला तर तो दवाखान्यात कळवा. उत्तर तयार आणि नंबर बंद, असे व्हायला नको.

एका आईची चिकाटी

अशा संशोधनाचा फायदा कोणाला होतो, हे नॉर्वेतल्या एका जुन्या हकिकतीतून समजते. बोर्ग्नी एगेलँड नावाच्या आईची दोन्ही मुले विकासात मागे होती, आणि त्यांच्या लघवीला चमत्कारिक वास यायचा. ती डॉक्टरमागून डॉक्टर करत राहिली. १९३४ साली आस्ब्योर्न फोलिंग या डॉक्टरांनी तिच्या मुलांची लघवी तपासली. फेरिक क्लोराइड टाकताच ती हिरवी झाली. मग त्यांनी अशा मुलांच्या संस्थांमधून ४३० जणांचे नमुने मागवले, आणि त्यांतल्या आठ जणांत तोच दोष सापडला. शरीराला अन्नातला एक घटक पचवता येत नाही आणि तो साठून मेंदूला इजा करतो, असा हा आजार. त्याला आज पीकेयू म्हणतात. वर सांगितलेल्या दुसऱ्या प्रकारातला, दोन्ही प्रती बिघडल्यावर होणारा.

एगेलँडबाईंच्या मुलांना या शोधाचा उपयोग झाला नाही. तोवर उशीर झाला होता. पण पुढे १९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये या आजारावर खास आहार तयार झाला. १९६० च्या सुमारास रॉबर्ट गथ्री यांनी बाळाच्या टाचेतल्या रक्ताच्या थेंबावरून आजार ओळखण्याची सोपी तपासणी शोधली. त्यांचा स्वतःचा मुलगा बौद्धिक दिव्यांग होता. आज अनेक देशांत बाळाची टाच टोचून ही तपासणी होते, आहार वेळेवर सुरू होतो आणि मेंदू वाचतो. एका आईने दिलेल्या नमुन्याने दुसऱ्यांची लेकरे वाचली. संशोधनाला होकार देताना हेच मनाशी धरावे: माझ्या बाळाला फायदा होईलच असे नाही, उद्याच्या बाळाला होऊ शकतो.

आपले नमुने का हवेत?

ब्रिटनच्या त्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. युरोपीय वंशाच्या नसलेल्या कुटुंबांना उत्तर मिळण्याची शक्यता कमी होती. ज्या लोकांचे नमुने आजवर कमी तपासले गेले, त्यांच्यातला एखादा बदल नेहमीचा निरुपद्रवी आहे की आजाराचा, हे ठरवणे अवघड जाते. यादीत नाव नसले की शिधा मिळत नाही, तसेच हे.

भारतात याला आणखी एक पदर आहे. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी सांगितले होते की जातीचे मूळ स्वतःच्याच गटात लग्न करण्याच्या बंधनात आहे. १०१ वर्षांनी, २०१७ साली, दक्षिण आशियातल्या २६० हून अधिक समूहांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या ८१ समूहांवर थोड्या पूर्वजांपासून वाढण्याच्या आणि आपसांतच लग्न करण्याच्या खुणा फार खोल दिसल्या. अशा समूहांत बिघडलेल्या दोन प्रती एकत्र येण्याचा धोका वाढतो. हा धोका वरच्या म्हणवणाऱ्या जातींनाही आहे. रोग कोणाची पायरी पाहून येत नाही. आपल्याकडेही आता काम सुरू आहे. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचा मुलांच्या दुर्मीळ जनुकीय आजारांवरचा कार्यक्रम हैदराबादच्या सीडीएफडी संस्थेच्या पुढाकाराने चालतो. अशा कामात आपल्या वस्तीतली मुले असली पाहिजेत, पण आईबापांना सगळे समजून.

न विचारता घेतले तर काय होते

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात ग्रँड कॅनियनच्या दरीत हावासुपाई नावाची छोटी आदिवासी जमात राहते. त्यांच्यात मधुमेह फार. १९९० पासून त्यांनी विद्यापीठाच्या संशोधकांना मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून रक्त दिले. त्यांना न सांगता तेच रक्त मानसिक आजार, आपसांतली लग्ने आणि जमातीचे मूळ कुठले, अशा विषयांसाठीही वापरले गेले. २००३ साली त्यांच्यातलीच एक तरुणी विद्यापीठातल्या एका व्याख्यानाला बसली होती. तिने उठून विचारले, या कामाला आमच्या लोकांची परवानगी होती का? त्या एका प्रश्नातून खटला उभा राहिला. २०१० साली विद्यापीठाने ७ लाख डॉलर दिले आणि उरलेले रक्त जमातीला परत केले.

त्या तरुणीने जे नंतर विचारले, ते आपण सुई टोचण्याआधी विचारायचे आहे.

सही करण्याआधी हे विचारा

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, २०१७ साली संशोधनाची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. पुढचे बरेच प्रश्न त्यांतल्या हक्कांवरच उभे आहेत.

१. ही तपासणी उपचारासाठी आहे की संशोधनासाठी? उपचाराचा रिपोर्ट मिळतोच. संशोधनाचा मिळायला वर्षे लागू शकतात, किंवा मिळतही नाही.

२. माहितीपत्रक मराठीत आहे का? वाचता येत नसेल तर ते मोठ्याने वाचून दाखवले पाहिजे, आणि त्या वेळी दवाखान्याशी संबंध नसलेला साक्षीदार हवा. विहारातले कोणी सोबत न्या.

३. नाही म्हटले तर बाळाचे उपचार थांबतील का? थांबता कामा नयेत. मध्येच बाहेर पडण्याचाही तुम्हाला हक्क आहे.

४. खर्च कोणाचा? संशोधनाच्या तपासणीचे पैसे तुमच्याकडून घ्यायचे नसतात. येण्याजाण्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी मिळेल का, तेही विचारा.

५. उरलेला नमुना कुठे ठेवणार, किती वर्षे, आणि दुसऱ्या कामाला वापरणार का? दुसऱ्या संस्थेला, कंपनीला किंवा परदेशात देणार का? या प्रत्येकाला वेगळा होकार किंवा नकार देता येतो.

६. नाव, जात, फोटो कोण पाहणार? जात विचारली तर ती कशासाठी हवी ते विचारा.

७. भलतेच काही सापडले तर सांगणार का? तिघांच्या तपासणीत कधी आईला पुढे होऊ शकणारा दुसरा आजार दिसतो, कधी नात्याविषयीची खासगी गोष्टही कळते. काय सांगावे आणि काय नको, हे आधीच ठरवून लिहून घ्या.

८. निकाल समजावून कोण सांगणार? नुसता कागद हातात घेऊन परत येऊ नका, समुपदेशन मागा.

९. मुलाला विचारले का? सात वर्षांवरच्या मुलाला त्याला कळेल अशा शब्दांत सांगून त्याचीही संमती घ्यायची असते. १२ वर्षांनंतर ती लेखी हवी.

१०. एथिक्स कमिटीचा फोन नंबर कुठे आहे? तो माहितीपत्रकावर हवा. संमतीपत्राची एक प्रत तुमच्या हातात पडलीच पाहिजे.

“घरी विचारून उद्या सांगते,” असे म्हणण्याची पूर्ण मुभा आहे.

उत्तराची वाट पाहताना

निकाल येईपर्यंत मुलाला घरी बसवून ठेवू नका. फिजिओथेरपी, बोलण्याचा सराव, अंगणवाडी, शाळा हे चालू राहू द्या; लहानपणीच सुरुवात केली तर जास्त फरक पडतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकारची दिव्यांगत्वे आहेत. यूडीआयडी कार्ड काढून घ्या. बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविध दिव्यांगत्व असलेल्यांना निरामय योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. आजार दुर्मीळ निघाला तर २०२१ च्या राष्ट्रीय धोरणाखाली ठरवलेल्या केंद्रांत मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय आहे. पुढच्या गरोदरपणात तपासणी करायची की नाही हा निर्णय आईबापांचा. त्यात सासरच्यांनी किंवा दवाखान्याने जबरदस्ती करायची नाही.

विहाराच्या दाराशी थांबलेल्या त्या बाईसोबत आम्ही दवाखान्यात गेलो. तिच्या नवऱ्यालाही एक दिवस कामावर खाडा करायला लावला. तिथली तरुण डॉक्टर वाईट नव्हती. तिच्यापुढे रांग होती, जशी एके काळी आमच्यापुढे असायची. दुपारी रांग सरल्यावर तिने माहितीपत्रक मराठीतून वाचून दाखवले. त्यात एका चौकटीत आधीच बरोबरची खूण होती: उरलेला नमुना इतर संशोधनासाठी द्यायला हरकत नाही. बाईने विचारले, “इतर म्हणजे कशाला?” डॉक्टर म्हणाल्या, दुसरे आजार, कदाचित एखादी औषध कंपनी. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “माझ्या लेकरासारख्या लेकरांसाठी ठेवा. कंपनीला नको.” तसे लिहून घेतले, दोघांनी पुन्हा खूण केली, आणि झेरॉक्स त्यांच्या हातात आली.

नवऱ्याने डॉक्टरांना एकच विचारले, “माझ्यात काय निघू शकतं का?” त्या म्हणाल्या, “तुमच्यात निघू शकतं, त्यांच्यात निघू शकतं, दोघांतही काही नाही निघू शकत.” घरी जाऊन त्याने हे आईला सांगितले. दुसऱ्या लग्नाची गोष्ट सध्या थांबली आहे.

निकाल अजून आलेला नाही. दर दोन-तीन महिन्यांनी तो फोन करून विचारतो. मुलगा आठवड्यातून दोनदा थेरपीला जातो. संमतीपत्राची झेरॉक्स यूडीआयडी कार्डासोबत त्याच प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे.

तुमच्या घरी असा कागद असेल, किंवा रक्त दिले असेल आणि कागदच मिळाला नसेल, तर कोणत्याही रविवारी वंदनेनंतर विहारात या. आपण बसून वाचू, आणि प्रत मागायला सोबत जाऊ.

जय भीम.